ढवळीच्या तोंडचा घास

अमडापूर
२४ ऑगस्ट २०२५

श्रीमती कौशल्याबाई विहीणबाईंना आशाबाईचा नमस्कार.

हे पत्र गोकुळच्या खिशात आहे आणि गाय त्याच्या गाडीत. तो रोज सकाळी इथलं दूध घेऊन बुलढाण्याला येतो आणि दुपारी रिकामे कॅन घेऊन परततो. तुमचं उत्तर त्याच्याकडेच द्यावं. मी फोन करणार नाही. विहिणींचं बोलणं यापुढे लेखी असावं, म्हणजे कोण काय बोललं त्याचा पुरावा राहतो, असं तुम्हीच म्हणाला होतात.

मागच्या महिन्यात मी तुमच्याकडे आले तेव्हा भार्गवीची चोखणी खाली पडली. मी उचलली, तोंडात घालून साफ केली आणि परत तिला दिली. आमची सुचिता अशीच वाढली आणि तुम्ही तिला पाहून, पसंत करून सून केलीत. तरी तुम्ही लेकरू माझ्या मांडीवरून उचललंत, चोखणी चिमट्यात धरून उकळत्या पाण्यात टाकलीत आणि चार लोकांत म्हणालात, "आशाबाई, माणसाच्या तोंडात कोट्यवधी जंतू असतात. यापुढे मास्क लावून या आणि बाळाला लांबून बघा."

मी घरी येऊन नीट विचार केला. नातीला मांडीवर घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण तोंडाला मुसकं बांधून आजी होणं मला जमणार नाही. म्हणून मी येत नाही, गाय पाठवते. लेकीला मूल झालं की माहेराहून दुभती गाय द्यायची आमच्या घरात रीत आहे. दूध सुचिताने प्यावं.

गाईचं नाव शेवंती. पहिल्या वेताची आहे, वासरू मागच्या महिन्यात आईच्या दुधावरून सुटलं. स्वभावाने गरीब. कोणी प्रेमाने काहीही दिलं तर नाही म्हणत नाही. तुमच्या यजमानांनी, गुरुजींनी, सायकली ठेवायला मागच्या अंगणात शेड बांधली होती, तिथे मावेल.

भार्गवीला पापा. लांबून.

आशाबाई


बुलढाणा
२५ ऑगस्ट २०२५

सौ. आशाबाई यांस, सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेली गाय, एक नग, सुस्थितीत पोचली.

आधी ती परत पाठवावी असं माझ्या मनात होतं. परंतु गोकुळने तिला गाडीतून उतरवलं आणि शेजारच्या बायका हळदकुंकू घेऊन फाटकात हजर झाल्या. दारात आलेली गाय त्यांच्यादेखत परत लावणं शोभलं नसतं. शेड फिनेलने धुऊन घेतली आहे. आपल्या जावयाने, हर्षलने, कडबा आणि हिरव्या चाऱ्याची सोय लावली आहे. दूध काढण्यापूर्वी कास कोमट पाण्याने धुतली जाते, काढणाऱ्याचे हातही.

ती दिवसभर काही ना काही चघळत असते. माझ्या शाळेत आणि घरात चघळणं मी कोणालाही चालू दिलेलं नाही. पण तो तिचा धर्म आहे असं हर्षल म्हणाला, म्हणून मी सोडून दिलं.

आपल्या पत्रात "मुसकं" हा शब्द आला आहे. माझा शब्द मास्क होता. कोट्यवधी जंतूंबद्दल मी जे म्हणाले ते पुस्तकात छापलेलं आहे, माझ्या मनाचं नाही. भार्गवी माझ्या घरातलं पहिलं नातवंड आहे. तिच्या बाबतीत मी कोणाची भीड ठेवणार नाही.

आपला पापा तिला तोंडी सांगितला. व्याही कडूबारावांना नमस्कार.

कौशल्या


अमडापूर
३ सप्टेंबर २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

शेवंती चघळते ते चांगलं आहे. त्याला रवंथ म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या दिवशी तिचं तोंड हलायचं थांबेल त्या दिवशी मात्र लगेच कळवा. गाय हंबरली तर तिला काहीतरी हवं असतं. गाय गप्प उभी राहून तोंड हलवत नसेल तर मग घरातल्या माणसाने घाबरावं.

इथे ढवळी, म्हणजे शेवंतीची आई, अजून रोज संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून उभी राहते. सुचिताचे बाबा म्हणतात, "तिले तिच्या पोरीची आठोन येऊन राह्यली, तुले तुह्या पोरीची. दोघीले एकाच दाव्याले बांधतो." त्यांना अशा गोष्टी सुचतात.

भार्गवी आता पालथी पडते असं ऐकलं. मी पाहिलेलं नाही.

तिला पापा. आहे तिथूनच.

आशाबाई


बुलढाणा
२२ सप्टेंबर २०२५

सौ. आशाबाई यांस नमस्कार.

कळवण्यास वाईट वाटतं की शेवंतीचं तोंड हलायचं थांबलं आहे.

काल संध्याकाळपासून ती चाऱ्याला शिवलेली नाही. पोट डावीकडून फुगलं आहे. शेण पातळ आणि त्याला आंबूस वास. पाय थरथरतात. डोकं भिंतीला टेकवून उभी आहे. सुचिता तिच्याजवळून हलत नाही, मधूनमधून रडते, आणि मी काही विचारलं की "काही नाही" म्हणते.

गुरांच्या डॉक्टर वंदना येऊन गेल्या. त्यांनी खायचा सोडा पाण्यातून पाजला, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. "उद्यापर्यंत बघू," म्हणाल्या. त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मला आवडला नाही.

एक गोष्ट स्पष्ट विचारते. पाठवण्यापूर्वी तिला डॉक्टरला दाखवलं होतं काय? आमच्याकडे तिचा आहार वेळच्या वेळी आणि स्वच्छ होता. भांडीसुद्धा वेगळी होती.

कौशल्या


अमडापूर
२३ सप्टेंबर २०२५

विहीणबाई,

काल तुमचं पत्र यायच्या आधी सुचिताचा फोन आला होता. "आई, सगळं ठीक आहे," म्हणाली. ठीक नसलं की ती असंच म्हणते.

आजारी गाय मी लेकीच्या घरी पाठवीन काय? शेवंती जन्मली तेव्हा माझ्या या हातांवर होती. तिने आजवर एकदाही चारा टाकलेला नाही. तुम्ही तिच्या शेडमध्ये फिनेल टाकलं, तिची कास धुतली, आता तिचं पोटही आतून धुतलं की काय, असं माझ्या मनात आलं. राग आला आहे म्हणून असं लिहिते. राग खरा आहे, तेव्हा खोडत नाही.

गोकुळकडे हिंग, ओवा आणि मीठ-मोहरीची पुडी दिली आहे. मीठ-मोहरी शेवंतीवरून ओवाळून टाका. कॉलनीतल्या बायकांची दृष्ट लागली असणार. तुमचा विश्वास नसला तरी टाका, मोहरी तुमच्या घरची नाही.

शेवंतीचं काही बरंवाईट झालं तर काय होईल ते तुम्हाला सांगून ठेवते. लोक म्हणतील, माहेरची गाय सासरी टिकली नाही. माझ्या लेकीला ते ऐकत त्या घरात राहायचं आहे. आणि मला त्या घरी यायला जे एक निमित्त उरलं होतं तेही जाईल. नातीला मांडीवर घ्यायची माझी आशा सध्या त्या गाईच्या चार पायांवर उभी आहे. तुम्ही हसाल, पण असंच आहे.

इतकं लिहून झालं होतं, तेवढ्यात सुचिताचे बाबा आले. मी त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते तंबाखू मळत म्हणाले, "दृष्ट-बिष्ट काही नाही. परवा कोनती तिथ व्हती, ते इचार त्यायले."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. परवा सर्वपित्री अमावस्या होती. विहीणबाई, तुमच्या कॉलनीत गाई किती आहेत?

आशाबाई


बुलढाणा
२३ सप्टेंबर २०२५

सौ. आशाबाई यांस,

आपल्या प्रश्नाचं उत्तर: एक.

गोकुळ फाटकात गाडी चालू ठेवून थांबला आहे, तरी सगळं लिहिते. पितृपक्ष लागल्यापासून ज्यांच्या घरी श्राद्ध असे ते गोग्रास घेऊन आमच्याकडे येत. आमच्या कॉलनीत कित्येक वर्षं गाय नव्हती. लोक गाईचं पान कुंपणावर ठेवून देत आणि ते कुत्री खात. आता प्रत्यक्ष गाय आहे म्हटल्यावर सगळ्यांना फार बरं वाटलं. गर्दी होऊ लागली तेव्हा मी वेळा ठरवून दिल्या आणि रांग लावली. शिस्तीत चाललं होतं.

सर्वपित्रीला मात्र सगळ्याच घरांची पानं आली. खीर, वडे, पोळ्या, भात, कढी. शेवंतीने कोणालाही नाही म्हटलं नाही. तसं आपण पहिल्याच पत्रात कळवलं होतं, तो मी गुण समजले.

पहिलं पान आमचं होतं. यांच्या नावाचं. दरवर्षी ते पान कुंपणावर ठेवताना मला अपमान वाटत असे, की ज्या माणसाने आयुष्यात कधी उभ्याने खाल्लं नाही त्याचा घास असा मातीत. यंदा शेवंतीने तो माझ्या हातून खाल्ला आणि हात चाटला. मला इतकं भरून आलं की त्यानंतर मी कोणालाच थांबवू शकले नाही. ज्याला त्याला आपलं माणूस जेवताना बघायचं होतं. मी मुख्याध्यापिका होते, नाही म्हणणं हे माझं कामच होतं, आणि त्या दिवशी मला ते जमलं नाही. हे कालच लिहायला हवं होतं.

डॉक्टर वंदना आज पुन्हा आल्या. त्या मेहकरकडच्या आहेत, लहान आहेत, बोलणं सरळ आहे. मला म्हणाल्या, "मॅडम, गाय चारा पचवत नाही. तिच्या पोटात राहणारे पचवतात." मी विचारलं, कोण राहतात? तर म्हणाल्या, गाईचं पहिलं पोट म्हणजे एक मोठा रांजण आहे. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, मोजता येणार नाहीत इतके, नाना जातींचे. गाय चघळून चारा खाली पाठवते, ते जीव तो कुजवून मऊ करतात, आणि त्यांच्या कष्टावर गाय जगते. पोळ्या आणि खिरीने रांजण आंबला. त्या आंबटपणात निम्मी-अधिक वस्ती मेली.

औषधाने आंबटपणा उतरला आहे. पण औषधाने वस्ती परत येत नाही. "ती दुसऱ्या निरोगी गाईच्या पोटातून आणा लागते," असं त्या म्हणाल्या. इथल्या मोकाट गाई नकोत, त्यांच्या पोटात प्लास्टिकच्या पिशव्या असतात. आपल्या गोठ्यात, त्याच चाऱ्यावर वाढलेली, नात्यातली गाय असेल तर उत्तम. ती रवंथ करत असताना तिच्या तोंडातला घास काढायचा, कोमट पाण्यात ठेवायचा आणि वेळ न घालवता शेवंतीला द्यायचा.

मी म्हटलं, "म्हणजे उष्टं?"

त्या म्हणाल्या, "हो मॅडम. उष्टंच."

मी त्यांना तीनदा विचारलं. उत्तर बदललं नाही.

सोबत थर्मास देत आहे. तो भार्गवीच्या उकळलेल्या पाण्याचा आहे. घरात ऊब धरून ठेवणारं दुसरं काही नाही. घास काढणाऱ्याने हात धुवावेत.

कौशल्या

ता. क. मोहरी ओवाळली. विश्वास नाही.


अमडापूर
२४ सप्टेंबर २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

हात धुतले होते. ढवळीने मात्र तोंड धुतलं नव्हतं.

तुम्ही लिहिलेलं मी सुचिताच्या बाबांना वाचून दाखवलं. ते उठून तंबाखू थुंकून आले. मग म्हणाले, "माह्या बापानं जिंदगीभर हेच केलं. एका ढोरानं रवंथ सोडला का दुसऱ्याच्या तोंडातला घास काढून त्याले चारे. तूच नाक मुरडे. आता डाक्टरीन बाईनं सांगतलं तं सोनं झालं!" ते खरंच आहे. मी नवी नवरी असताना सासऱ्यांना ते करताना बघितलं आणि दोन वेळा जेवले नाही. पुढे घर माझ्या हाती आलं तसं मी ते आमच्या गोठ्यातून बंद केलं. घाणीचा मलाही तिटकारा आहे, विहीणबाई. फक्त माझी घाण वेगळी आणि तुमची वेगळी.

तर आज पहाटे ढवळी ओसरीखाली बसून मजेत चघळत होती. आमच्या राजकुमारने, सुचिताच्या भावाने, मोबाइलवर कसं करायचं ते बघून घेतलं, मला समजावून सांगितलं आणि मळमळतं म्हणून विहिरीकडे जाऊन उभा राहिला. तो बी.एस्सी. आहे. सुचिताच्या बाबांनी मान धरली. हात मी घातला.

पहिला घास तिने गिळला. दुसराही. मग गळ्यातून गोळा वर येताना दिसला तसा मी गालाकडून, जिथे दात नसतात तिथून हात घातला, जीभ बाजूला धरली आणि घास काढून घेतला. चोखणीच्या वेळी तुम्ही माझ्याकडे जसं पाहिलं होतं तसंच तिने पाहिलं. पण तिने परत चारा खाल्ला, परत रवंथ सुरू केला आणि मी परत काढला. असं करत थर्मास भरला आहे.

गोकुळ म्हणाला, "मावशी, हे काय हाय? लय वास येऊन राह्यला." मी सांगितलं, औषध आहे, आणि गाडी कुठे थांबवू नकोस. झाकण काढाल तेव्हा वास येईल. हिरवट, कोमट, जरा ताकासारखा. घाबरू नका, चांगला वास तोच आहे.

माझ्या पोरीच्या घरची गाय वाचवा. मी तुमच्याकडे कधी काही मागितलेलं नाही, आज मागते.

आशाबाई


बुलढाणा
२४ सप्टेंबर २०२५

सौ. आशाबाई यांस नमस्कार.

थर्मास पोचला. कोमट होता.

हर्षल कामावर होता, सुचिताच्या कडेवर भार्गवी होती आणि डॉक्टरांना दोन्ही हात नळी घालायला हवे होते. तेव्हा झाकण मी उघडलं. गाळायला स्वच्छ फडकं हवं होतं. घरात सगळ्यांत स्वच्छ फडकं भार्गवीचं असतं, ते घेतलं. पिळलंही मीच. नंतर डॉक्टर म्हणाल्या, चोथ्यातला थोडा भाग तिच्या जिभेवर मागे ठेवा, म्हणून तोही ठेवला. कोपरापर्यंत हात आत गेला. शाळेत असताना एका पोराच्या घशात अडकलेला पेरूचा तुकडा काढला होता, त्यानंतर पहिल्यांदाच.

मग मी हात धुतले. लगेच नाही. ती काय करते ते बघत उभी राहिले आणि हात धुवायचे आहेत हे विसरले.

तिने अजून रवंथ सुरू केलेला नाही. पण डोकं भिंतीवरून काढलं आहे आणि दोन काड्या कडबा ओढला. डॉक्टर म्हणतात वस्ती एका फेरीत बसत नाही. आणखी दोन-तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ ताजा घास मिळाला तर आशा आहे. प्रवासात ऊब जाते, म्हणून देणारी गाय इथेच असावी.

तरी ढवळीला इकडे पाठवण्याची व्यवस्था व्हावी. तिच्या मुक्कामाची सोय केली आहे. श्राद्धाचं कोणतंही अन्न तिला दिलं जाणार नाही, तशी पाटी फाटकावर लावली आहे.

कौशल्या


अमडापूर
२५ सप्टेंबर २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

ढवळीला आमंत्रण मिळालं, आनंद झाला. पण ती एकटी प्रवास करत नाही आणि माझ्याशिवाय कोणाला तोंडात हात घालू देत नाही. तेव्हा मी सोबत येत आहे.

मास्क लावणार नाही, म्हणून घरात येणार नाही. शेडमध्ये राहीन. भाकरी, ठेचा आणि सतरंजी बरोबर घेतली आहे. तुमचा नियम मी मोडणार नाही आणि तुम्हाला वाकायलाही लावणार नाही.

हे पत्र मी स्वतःच तुमच्या हातात देणार आहे. तरी लेखी असावं म्हणून लिहिलं.

आशाबाई


बुलढाणा
२९ सप्टेंबर २०२५

सौ. आशाबाई यांस, सप्रेम नमस्कार.

आपण काल गेलात. पत्र लिहायला आज बसले, कारण काल मला लिहिता आलं नसतं.

शेवंतीची प्रकृती: रवंथ चालू. शेण घट्ट. सकाळी हंबरली, म्हणजे काहीतरी हवं असावं. आपण शिकवल्याप्रमाणे मी घाबरले नाही. डॉक्टर वंदना म्हणाल्या, आता धोका नाही. फाटकावरच्या पाटीतला "श्राद्धाचं" हा शब्द खोडून नुसतं "कोणतंही अन्न" ठेवलं आहे, कारण दसऱ्याला पुरणाची भीती आहे.

आता दुसरं. शेडमधले ते दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. आपण सकाळ-संध्याकाळ ढवळीच्या तोंडातून घास काढलात, मी गाळला आणि शेवंतीला दिला. आपण दोघी कामाशिवाय काही बोललो नाही. "फडकं." "धरा." "सोडा." तरी इतकं नीट जमणारं माणूस मला शाळेतसुद्धा भेटलं नव्हतं. शनिवारी दुपारी शेवंतीच्या गळ्यात तो गोळा वर आला आणि तिचं तोंड हललं, तेव्हा आपण माझा हात धरलात. दोघींचे हात कसे होते ते आपल्याला माहीत आहे. मी सोडवून घेतला नाही.

आपण घरात पाऊल टाकलं नाही. भार्गवीचा आवाज आतून आला की भाकरीचा घास तसाच हातात धरून थांबत होतात, आणि आवाज बंद झाला की खात होतात. निघताना सुचिताच्या डोक्यावर हात ठेवलात आणि ढवळीला घेऊन गाडीत चढलात. लेकरू मागितलं नाहीत. मागितलं असतंत तर मी काय म्हणाले असते, याचा मी रात्री पुष्कळ विचार केला. मला माझी लाज वाटली.

डॉक्टरांना मी फाटकापर्यंत सोडायला गेले आणि विचारलं, माणसाचंही असंच असतं का? त्या म्हणाल्या, माणसाच्या पोटातही वस्ती असते, लेकराला ती आईकडून आणि अंगाखांद्यावर खेळवणाऱ्यांकडून मिळते. आजारी माणसाने लांब राहावं, बाकीच्यांनी नाही. मी म्हटलं, हे पुस्तकात आहे का? तर म्हणाल्या, "आता आलंय मॅडम. तुमच्या वेळच्या पुस्तकात नसंल."

पुढचा भाग वाचून झाल्यावर फाडून टाकावा.

काल आपण गेल्यावर मी भार्गवीला घेऊन शेडमध्ये गेले, शेवंतीचा रवंथ दाखवायला. तिने चोखणी टाकली. खाली शेण नव्हतं, पण जमीन जमीनच. लेकराने असा टाहो फोडला की शेवंतीने कान टवकारले आणि तिचं तोंड थांबलं. आशाबाई, मी हबकले. सहा दिवसांनी सुरू झालेलं ते तोंड. पाणी घरात, थर्मास तर आता गाईचाच झाला आहे, सुचिता वर गच्चीवर. मी चोखणी उचलली, साडीला पुसली, आणि मग तोंडात घातली. माझ्या. चव विशेष नव्हती. नंतर तिला दिली. भार्गवी गप्प झाली आणि शेवंती पुन्हा चघळू लागली.

सुचिताने गच्चीवरून पाहिलं असावं असा मला संशय आहे. ती संध्याकाळभर पाठ करून पोळ्या लाटत होती आणि तिचे खांदे हलत होते.

दसऱ्याला भार्गवीचं उष्टावण करायचं ठरवलं आहे. मामाच्या हातून पहिला घास, तेव्हा राजकुमारला आणावं. त्याला मळमळणार नाही, खीर आहे. मामा घास भरवताना लेकरू कोणाच्या मांडीवर असावं, हे घरातल्या मोठ्या माणसाने ठरवायचं असतं. मी ठरवलं आहे. आपण घरात यावं, पुढच्या दाराने, आणि पाटावर बसावं.

मास्कविषयीचा नियम रद्द केला आहे. लेखी कळवते.

आपली,
कौशल्या


अमडापूर
३० सप्टेंबर २०२५

माझ्या विहीणबाईंना आशाबाईचा नमस्कार.

पत्र मिळालं. फाडलं नाही. लेखी असलं म्हणजे पुरावा राहतो, असं तुम्हीच म्हणाला होतात.

सुचिताच्या बाबांना वाचून दाखवताना चोखणीपाशी आले आणि मला पुढे वाचताच येईना. आधी हसू आलं. मग मी ओसरीवर बसून रडले, चांगली मोठ्याने. ढवळी चघळायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. सुचिताचे बाबा म्हणाले, "काऊन रडून राह्यली वं? गाय तं वाचली." मी म्हटलं, "गाईसाठी नाही रडत." ते म्हणाले, "मले माहीत हाय," आणि मान दुसरीकडे फिरवली.

दसऱ्याला येतो. राजकुमारला नवीन शर्ट घेतला आहे. ढवळी येत नाही, तिचं काम झालं. गुरुजींच्या नावाचं पान पुढच्या वर्षीही शेवंतीला द्यावं, अगदी एक घास, तुमच्या हातून. बाकीच्यांना रांगेत उभं करून परत पाठवायला मी स्वतः येईन. मला नाही म्हणायला चांगलं जमतं, तुम्हाला ठाऊकच आहे.

मांडी तयार आहे. भार्गवीला या पत्रात पापा लिहीत नाही. तो मी परवा जवळून घेणार आहे.

आशाबाई